पळसाला बांधलेली चुनरी

देवाशी माझी बोलचाल बंद होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. भांडणाचं कारण साधं होतं. सुमीच्या आधी मला दोन लेकरं झाली आणि दोन्ही तापाने गेली. दोघांच्याही वेळी मी महादेवाला रोडगे कबूल केले होते. आमच्या नागपूरकडे नवस म्हटला की रोडगे आलेच. देवाच्या दारात गोवऱ्यांचा जाळ करायचा, कणकेचे जाडजूड गोळे त्यात भाजायचे आणि चार माणसांना पोटभर जेवू घालायचं. लेकरं राहिली नाहीत आणि मीही रोडगे केले नाहीत. त्याने माझं ऐकलं नाही, मग मी त्याचं का करू? शेजारच्या बायका समजावायला आल्या की मी त्यांना चहा पाजून वाटेला लावत असे. स्वभावच माझा तिखट, त्यात दुःखाची फोडणी.

त्या दिवसांत आम्ही भिलाईला नवे होतो. रेल्वेवाल्यांचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आज या स्टेशनाला, उद्या त्या. माझे सासरे दुर्ग लाईनवर गँगचे मेट होते. आयुष्यभर रूळ आणि स्लीपर सांभाळून ते रिटायर झाले, आणि यांना तिथल्या नव्या पोलाद कारखान्याच्या यार्डात काम लागलं तेव्हा आमच्यासोबत सेक्टर दोनच्या क्वार्टरात राहायला आले. कारखाना अजून उभा राहत होता. दिवसरात्र ट्रकांची घरघर, लाल मुरमाची धूळ, धुतलेल्या कपड्यांवर पुन्हा तीच धूळ.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. माणूस फार कमी बोलणारा, पण रेल्वेचे नियम त्यांच्या हाडात मुरलेले होते. लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, "सूनबाई, लाल लुगडं रुळाच्या बाजूनं वाळू घालत नको जाऊ. ड्रायव्हर गाडी उभी करते." रेल्वेच्या क्वार्टरात हे ठीक होतं. पण भिलाईच्या आमच्या अंगणातून रूळ दिसतही नव्हता, तरी मामाजी माझं लाल लुगडं दोरीवरून काढून मागच्या बाजूला नेऊन टाकत. मी यांच्याजवळ हसायची. म्हणायची, मामाजींना वाटतं मेलगाडी आपल्या चुलीपर्यंत येते.

सुमी झाली तेव्हा याच मामाजींनी मला न विचारता महादेवाला नवस बोलून ठेवला, की पोट्टी चालती-बोलती झाली का तुझ्या दारात रोडगे करीन. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस त्यांच्या ताटात फक्त भाकर आणि पिठलं वाढलं. त्यांनी तेही निमूट खाल्लं. सुमी चार वर्षांची झाली तरी मी विषय काढू दिला नाही. शेवटी एका फाल्गुनातल्या सोमवारी ते म्हणाले, "तू नको बोलू देवासंग. फक्त संग चाल. पोट्टीले एकटा कसा नेऊ मी?" यांना ड्युटी होती. म्हातारा माणूस आणि लहान पोर, मी नाही कसं म्हणणार? गेले.

दुर्गपर्यंत पॅसेंजरने आणि पुढे पायी. शिवनाथ नदीच्या काठाने खाली उतरत गेलं की काही कोसांवर महादेवाचं जुनं देऊळ आहे. बैलगाडीचा रस्ता लांबून, गावांना वळसा घालून जातो. पायी जाणारे नदीकाठची पाऊलवाट धरतात. त्या सकाळी ती वाट मला आवडली, हे कबूल करते. खाली वाळूत केवटांच्या टरबुजाच्या वाड्या, वरच्या अंगाला बाभळी, आणि जिकडेतिकडे फुललेले पळस, एकही पान नसलेले, नुसते लाल. वाट कधी पाण्याला लागून जाई, कधी एखाद्या नाल्यासाठी उगाच आत शिरून पुन्हा बाहेर येई. मामाजी म्हणाले, रूळ टाकायचा असता तर आपण ही सगळी वळणं काढून टाकली असती. एका नाल्याच्या अलीकडे गिट्टीची, म्हणजे खडीची, खाण होती. कारखान्याच्या कामाला गिट्टी किती लागायची, काही विचारू नका. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीने चढत होत्या. अशा मजूर बायकांना इकडे रेजा म्हणतात. आम्ही खाणीच्या कड्याखालून नाल्यात उतरलो, दगडांवरून पाणी ओलांडलं, पलीकडे चढून पुढे गेलो. कुणी अडवलं नाही, कुणी पाहिलंही नाही.

देवळात मामाजी डोळे मिटून बसले आणि मी पाठ करून कणीक मळायला बसले. पुजाऱ्याने सांगितलं, मागच्या शेतात वाळल्या गोवऱ्या पडल्या आहेत, घ्या. सुमी माझ्या आधी धावली. तिला गोवऱ्या वेचायची हौस. मी कणकेचे हात झटकत उठते तोच तिची किंकाळी आली. गोवरीखाली विंचू होता. मामाजींनी तो चपलेने चिरडला, पुजाऱ्याने कांदा ठेचून अंगठ्यावर बांधला. सुमी ओरडत होती तोवर मला धीर होता. विंचू मलाही लहानपणी चावला होता, रडून रडून उतरला होता. पण थोड्या वेळाने तिचं रडणं थांबलं. कपाळावर घाम डवरला, अंग भिजलं, हातपाय मात्र थंड. मग उलटी झाली. छातीवर हात ठेवला तर आत नुसती धडधड. माझ्या दोन लेकरांना मी गार होताना हातात धरलं होतं. त्या गारव्याची ओळख आईच्या हातांना कायमची असते.

पुजारी म्हणाला, विष उतरवणारा बैगा दुसऱ्या गावाला गेला आहे, संध्याकाळी येईल. बैलगाडी जोडतो म्हणाला, पण गाडीरस्त्याने दुर्गला पोचेपर्यंत सूर्य मावळला असता. मी सुमीला खांद्यावर टाकलं आणि आलो त्याच पाऊलवाटेने निघाले. कणीक तशीच परातीत राहिली. मागे वळून देवळाकडे मी एकदाच पाहिलं, आणि मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसरंही घेतोस का, एवढाच त्याचा सभ्य अर्थ.

येताना आवडलेलं प्रत्येक वळण आता वैऱ्यासारखं वाटत होतं. नदी समोर दिसायची आणि वाट पुन्हा आत शिरायची. ऊन डोक्यावर आलेलं, वारा पाठीमागून. मी चालत नव्हते, पळत होते. मामाजी मागून धापा टाकत येत. मध्येच म्हणत, "दे, घेतो मी थोडा वेळ." थोडं अंतर ते घेत, पुन्हा मी घेई. सुमीची मान खांद्यावर कलंडली होती, तोंडातून लाळ येत होती. मी तिला सारखी हाका मारत होते. ती "अं" म्हणायची. मग "अं" म्हणायचीही थांबली, नुसता श्वास कानाशी लागत होता. मी तो श्वास ऐकत चालले.

असे आम्ही त्या नाल्यापाशी आलो. नाला ओलांडला की खाणीपलीकडून सपाट वाट, पुढे पक्की सडक, सडकेवर काही ना काही मिळालं असतं. उताराच्या तोंडावर एक मोठा पळस वाटेवर झुकलेला होता. त्याच्या फांदीला एक लाल कपडा बांधलेला होता आणि तो बरोबर वाटेच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर लोंबत होता. सकाळी तो तिथे नव्हता की मी पाहिला नव्हता, सांगता येत नाही. मी वाकून खालून निघून जाणार तोच मामाजींनी काठी आडवी घातली.

"थांब, सूनबाई. लाल हाय."

मला क्षणभर कळेचना. "मामाजी, चुनरी आहे ती देवीची! पाहा ना, काठाले जरीचा गोटा लावला आहे."

"लाल ते लाल. कोनी तरी येईन, हिरवी दाखवीन, मंग जाऊ."

"इथं कोण येते हिरवी दाखवाले?" माझा आवाज चढला. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नव्हता. त्या वेळी पदर कुठे होता मला ठाऊक नाही. "पोट्टी थंडी पडून राहिली आणि तुमाले झेंडी दिसते? हा सगळा पळस लाल आहे. एकेका झाडापाशी थांबत बसता का?"

नात त्यांचीही होती. पण काठी हलली नाही. म्हणाले, "झेंडी कोनं लावली, कावून लावली, हे पाह्यनं ड्रायव्हरचं काम नाही. लाल दिसली का उभं राह्याचं. चाळीस वर्ष हेच केलं म्या. एकडाव कोनी पोट्ट्यानं खेळता खेळता लाल फडकं रुळात रोवलं होतं, त्याच्यासाठीही मेल उभी राह्यली."

मी काठीच्या बाजूने निघाले. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. आमच्यात सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नाही. पाया पडले तरी ते आशीर्वाद हवेतून देत. त्या म्हाताऱ्या हाताची पकड मला आजही जाणवते. रुळावर घण मारलेला हात तो. मी झटके दिले, शिव्या दिल्या. हो, दिल्या. म्हटलं, "सोडा माहा हात! ही मेली तर तुमचं तोंड नाही पाहणार मी!" ते म्हणाले, "नको पाहू. पण थांब." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात सुटत नव्हता. मी सुमीच्या नाकाशी गाल लावला. श्वास होता. खाली नाल्यात पाणी चमकत होतं, पलीकडचा चढ मला समोर दिसत होता, आणि एका चिंधीपायी मी इथे उभी होते. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नाही.

मग जमीन हलली. आवाज नंतर आला, किंवा आवाजाने कान बंद झाले म्हणून मला तसं वाटलं असेल. समोरचा कडा जागचा उचलला गेला आणि नाल्यात कोसळला. धुरळ्यातून दगड वर उडाले, आणि मग पडू लागले. ज्या दगडांवर पाय ठेवून आम्ही सकाळी पाणी ओलांडलं होतं, तिथे, त्याच जागी, धाडधाड पडत राहिले. मामाजींनी मला आणि सुमीला पळसाच्या बुंध्याशी ढकललं आणि वर आपलं अंग धरलं. खडे त्यांच्या पाठीवर पडल्याचे आवाज मी ऐकले. पळसाची फुलं आमच्यावर गळत होती. पुन्हा एक हादरा, पुन्हा दगड. सगळं शांत झालं तेव्हा माझ्या तोंडात माती होती आणि सुमी बारीक आवाजात रडत होती. तिचं रडणं ऐकून मला जे वाटलं ते मी कुणाला समजावू शकणार नाही.

दुपारच्या सुट्टीत खाणीत सुरुंग लावत. लाल झेंड्या आणि थाळी वाजवणारा माणूस गाडीरस्त्याच्या बाजूला उभा असे. थाळी वाजली असेल, पण वारा आमच्या पाठचा होता, आम्हाला काही ऐकू आलं नाही. नाल्याकडून पाऊलवाट जाते हे खाणीत कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आमचा आरडाओरडा ऐकून मुकादम धावत आला. आम्हाला पाहून तो पांढरा पडला. "इधर से तो कोई आता-जाता नहीं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मामाजींनी त्याला विचारलं, "फिर झंडी किसने लगाया?" त्याने वर पाहिलं. म्हणाला, ये हमारी झंडी नहीं है. तेव्हा मी पाहिलं, ज्या बुंध्याशी आम्ही अंग चोरून बसलो होतो त्याच्या मागे शेंदूर फासलेले दोन-तीन दगड होते. वाटसरूंची देवी. इकडचे लोक तिला बंजारी म्हणतात. जाणारा-येणारा एक खडा ठेवतो आणि पुढे जातो.

मुकादमाने आम्हाला गिट्टीच्या ट्रकमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरने तो ट्रक असा हाकला की पायी आम्ही सडकेलाही लागलो नसतो एवढ्या वेळात दुर्गचा दवाखाना आला. डॉक्टरांनी सुमीला आत नेलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मामाजी बाहेर पायरीवर बसले होते. त्यांच्या सदऱ्याला पाठीवर रक्त लागलं होतं, पण मलमपट्टी करून घ्यायला ते उठेनात. दर वेळी दार वाजलं की मान वर करून विचारत, "कशी हाय पोट्टी?" आणि कुणीच काही सांगत नव्हतं. संध्याकाळी हे भिलाईहून धावत आले तेव्हा सुमीचे हात कोमट झाले होते. मी ते हात धरूनच बसले होते, म्हणून मला डॉक्टरांच्या आधी कळलं. बाहेर येऊन मी मामाजींना सांगितलं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात टेकवला.

कुणी म्हणेल योगायोग. म्हणोत बापडे. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते, कारण देवाशी भांडण एवढ्या सहज मिटवणं माझ्या स्वभावात नव्हतं. पण लाल लुगडं मात्र मी स्वतःच मागच्या दोरीवर टाकू लागले.

पुढच्या वर्षी पळस फुलले तसे आम्ही तिघं पुन्हा निघालो. राहिलेला नवस फेडायचा होता. आता नाल्याच्या दोन्ही अंगांना खाणीने झेंड्या लावल्या होत्या. पळसावरची ती चुनरी उन्हापावसाने विटून फिकी गुलाबी झाली होती, पण होती. जवळ सावलीत काही रेजा शिदोरी सोडून बसल्या होत्या. मी विचारलं, ही कुणी बांधली होती, माहीत आहे का? त्यांच्यातल्या एकीने मान वर केली. माझ्याच वयाची असेल. म्हणाली, "मैं बाँधे रहेंव, दीदी." मी बांधली होती.

मी तिच्याजवळ बसले. विचारलं, कशाचा नवस होता? तिने भाताचा घास हातातच धरून सांगितलं. एकुलता एक मुलगा आजारी होता. बरा झाला तर बंजारीला चुनरी चढवीन म्हणून बोलली होती, चुनरी घेऊनही ठेवली होती. मी म्हटलं, मग झाला ना बरा?

"लइका नइ बाँचिस, दीदी."

मुलगा वाचला नव्हता. तो गेल्यावर काही दिवसांनी ती कामावर परतली, तो आमचाच सोमवार. सुरुंगासाठी सगळ्यांना दूर जायला सांगितलं तेव्हा बाकीच्या गाडीरस्त्याकडे गेल्या. ही एकटी नाल्यापलीकडे आली, चुनरी बांधली, दगडांना हात जोडले आणि घाईघाईने परत गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण मूल गेलं ना! मग कशाला बांधलीस?" हिंदीत विचारलं की मराठीत, मला आठवत नाही. तिला कळलं. ती माझ्याकडे जरा नवलाने पाहत राहिली, जणू मीच काही विचित्र विचारलं होतं.

"बदे रहेंव," ती म्हणाली. "चुनरी तो देवी के रहिस. घर मा रख के का करतेंव?" बोलले होते. वस्तू देवीची होती. घरात ठेवून मी काय करणार होते?

एवढंच. तिने कुणाला दोष दिला नाही, आव आणला नाही. घास तोंडात घातला. मला मात्र तिथे बसवेना आणि उठवेना. माझी दोन गेली म्हणून मी माझा शब्द मोडून बसले होते. तिचा एकुलता गेला तरी तिने आपला शब्द आणून फांदीला बांधला होता, आणि त्या शब्दापाशी माझी सुमी थांबली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग सुमीला जवळ ओढून तिचा अंगठा हातात घेतला, इथेच का चावला होता म्हणून विचारलं, आणि बराच वेळ तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडले. त्या दिवशी माझी आणि देवाची बोलचाल सुरू झाली. देवाला मी काय म्हटलं ते आमच्या दोघांत.

तिला आम्ही सोबत घेतलं. मुकादमाने तिला सोडलं, त्याला आम्ही आठवत होतो. देवळामागे मी गोवऱ्या काठीने उलटवून, पाहून पाहून वेचल्या आणि जाळ केला. तिने बसून कणकेचे गोळे वळले. पीठ मी घरूनच जास्त आणलं होतं, देवळात जेवायला माणसं फार असतात म्हणून. तेवढं सगळं मळलं. आधी सुमीच्या नावाचे रोडगे निखाऱ्यात ठेवले. मग थोरल्याच्या नावाचे. मग धाकटीच्या. ढीग वाढत गेला तसे मामाजी पुढे सरकले.

"सूनबाई, नवस एक होता ना? मंग एवढे कावून करून राहिली?"

मी निखारे सारखे करत होते. धुराने डोळे भरले होते, निदान मामाजींना मी तसंच सांगितलं असतं.

"मामाजी," मी म्हटलं, "कोणाचे, कावून, हे पाह्यनं आपलं काम नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हातातली काठी खाली ठेवली, खाली बसले, आणि एकेक रोडगा राखेतून काढून, फुंकून, पहिला त्या रेजाच्या हातावर ठेवला.